प्रशासनाची आगोट : रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड, तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, अलिबाग

विषय : कर्जत व खालापूर तालुक्यांत पावसाळ्यात तुटणाऱ्या डोंगरवाड्यांची पूर्वतयारी

सन्माननीय जिल्हाधिकारी,

हिमालयाच्या आणि आल्प्सच्या उंच खोऱ्यांत वर्षातले कित्येक महिने बर्फामुळे वाटा बंद राहतात. वाट बंद होणे हे दरवर्षीचे ठरलेलेच, असे धरून तेथील माणसांनी आणि तेथील शासनांनी अन्न, इंधन, औषधे, गुरांचा चारा आणि राहण्याच्या जागा यांची घडी त्या हिशेबाने बसवलेली आहे. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत बर्फ पडत नाही. परंतु मृग नक्षत्र लागल्यापासून पाऊस ओसरेपर्यंतच्या चार महिन्यांत डोंगरउतारांवर वसलेल्या अनेक ठाकूर व कातकरी वाड्या, कधी पायवाट निसरडी होऊन, कधी वाटेवरचा ओढा भरून वाहू लागल्याने, तर कधी संततधार झडीत वीज आणि मोबाइल दोन्ही एकदम बंद पडल्याने, बाहेरच्या जगापासून दिवसच्या दिवस तुटलेल्या असतात. हा काळ येणार हे गृहीत धरून या वाड्यांतील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची तयारी करत आली आहेत. शासनयंत्रणेचा भर मात्र अजूनही आपत्ती घडल्यानंतर धावून जाण्यावर आहे. या दोहोंमधले अंतर जिल्हा प्रशासनाच्या अधिकारात राहून, फारसा खर्च न करता, येत्या पावसाळ्याआधी भरून काढता येण्याजोगे आहे, हे या पत्राचे प्रतिपादन आहे.

बर्फाळ प्रदेशांचे उदाहरण येथे सजावटीसाठी घेतलेले नाही. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोरे ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीपलीकडे असल्यामुळे, ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला होईपर्यंत, दर हिवाळ्यात जवळजवळ सहा महिने रस्त्याने तुटलेले असे. झोजी ला खिंड बंद झाली की काश्मीरकडून लडाखला जाणारा रस्ताही थांबतो. या प्रदेशांत घरोघरी वाळवलेल्या भाज्या, जर्दाळू, सत्तूचे पीठ, गोवऱ्या आणि चारा यांचा साठा होतो, कंदमुळे जमिनीत खड्डा करून पुरून ठेवली जातात, आणि जनावरे घराच्या तळमजल्यावर बांधून त्यांच्या उबेचाही उपयोग करून घेतला जातो. घरांच्या या तयारीला समांतर अशी शासनाचीही तयारी असते : हिवाळ्यापूर्वीचा आगाऊ साठा या नावाने तेथे शिधावाटपाचे धान्य, केरोसीन, स्वयंपाकाचा गॅस आणि औषधे हिवाळा लागण्याआधीच वर नेऊन ठेवली जातात, म्हणजे शेवटचा ट्रक खिंड ओलांडून परतल्यावर खोऱ्यात काय आहे आणि ते किती दिवस पुरेल, याचा हिशेब कागदावर तयार असतो. कर्जत-खालापूरच्या वाड्यांबाबत असा हिशेब पावसाळ्याच्या तोंडी कोणाच्याही टेबलावर असावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

या दोन तालुक्यांचा भूगोलच असा आहे की सोय आणि गैरसोय येथे अगदी शेजारी नांदतात. एका बाजूला सह्याद्रीचा मुख्य कडा, ढाक-भीमाशंकरच्या रांगा आणि बोरघाट. दुसऱ्या बाजूला माथेरान, प्रबळगड आणि इर्शाळगड यांचे सुटे डोंगर. आणि मध्ये उल्हास, पेज, पाताळगंगा या नद्यांची खोरी. येथे वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माथ्यावर तो याहूनही पुष्कळ जास्त असतो. पायथ्याने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग जातात. खोपोली आणि भिवपुरीची जलविद्युत केंद्रे शंभर वर्षांपासून याच पावसावर चालतात. इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेले मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवते. एवढ्या मोठ्या व्यवस्था ज्या डोंगरांच्या आधाराने उभ्या आहेत, त्याच डोंगरांच्या उतारांवरील वाड्यांना आजारी माणूस खाली आणण्यासाठी झोळीचा, म्हणजे बांबूला बांधलेल्या चादरीचा किंवा घोंगडीचा, आधार घ्यावा लागतो. याच डोंगरांत रेल्वे पावसाळ्याकडे ठरलेल्या ऋतूसारखे पाहते, हेही नोंदवले पाहिजे. बोरघाटातील सैल झालेले धोंडे पावसापूर्वी शोधून काढले जातात, पावसाळाभर गस्त वाढवली जाते, आणि १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीची नेरळ ते अमन लॉज ही फेरी पावसाळ्यापुरती बंदच ठेवली जाते. लोहमार्गाच्या बाबतीत जो विचार रुळलेला आहे, तो वाडीच्या पायवाटेच्या बाबतीत रुजवणे अशक्य नाही.

वाड्यांची स्वतःची तयारी काय असते, हे प्रथम नीट पाहिले पाहिजे, कारण शासनाची योजना तिच्यावर बसवायची आहे. पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी करून ठेवण्याला कोकणात आगोट म्हणतात आणि आगोट भरणे हे वैशाख-ज्येष्ठातले घराघरांतले मुख्य काम असते. कर्जत, नेरळ, कशेळे, चौक आणि खोपोलीच्या बाजारांत या दिवसांत सुकट, जवळा, बोंबील, वाकट्या यांचे ढीग लागतात. मिरची-मसाला कुटून होतो, कांदे टांगले जातात, मीठ, गूळ, डाळ आणि तेल घरात येते. डोंगरवाडीत याच्या जोडीला सरपणाचे काम असते, कारण ओले लाकूड पेटत नाही आणि चूल विझली तर घरात असलेल्या तांदळाचाही उपयोग नाही. म्हणून मोळ्या आणून घराच्या पडवीत किंवा माळ्यावर रचल्या जातात, गोवऱ्या झाकल्या जातात, गुरांसाठी पेंढा भरला जातो. कौले परतून फुटकी बदलणे, कारवीच्या कुडाला शेणमातीचे लिंपण करणे, पावसाच्या माऱ्याच्या बाजूला पेंढ्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा उभा करणे, घराभोवती चर खणून डोंगरावरून येणाऱ्या पाण्याला वाट काढून देणे, ही सर्व कामे पहिल्या वळवानंतर घाईने उरकली जातात. या चराचे महत्त्व विशेष आहे, कारण घरामागचा उतार कोणत्या बाजूने पाझरतो याचे ज्ञान तो खणणाऱ्या माणसाला असते आणि तेच ज्ञान दरडीच्या धोक्याचा अंदाज घेण्यासाठी सर्वांत आधी उपयोगी पडते.

पाऊस सुरू झाल्यावर रानही काही देते. पहिल्या पुरात उलट्या प्रवाहाने चढणारे वलगणीचे मासे, शेतातल्या चिंबोऱ्या, शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या आणि पुढे कंद यांवर झडीचे दिवस निभावले जातात. एका घरातले मीठ किंवा आगपेटी संपली तर शेजारच्या घरातून येते, आणि आवणीच्या, म्हणजे भाताची रोपे लावण्याच्या कामात परस्परांना हात दिला जातो. संकटकाळी उपयोगी पडणारी सामाजिक वीण ती हीच. तिचा अभिमान बाळगावा, पण तिच्या भरवशावर शासनाने निश्चिंत राहू नये, कारण ही वीण गरिबीने कमकुवत झालेली आहे आणि सर्वांत आधी ती जेथे विसविशीत होते ते ठिकाण म्हणजे कातकरी कुटुंब.

केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत समाविष्ट केलेल्या कातकरी समाजातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडी परततात. ती परततात तेव्हा आगोट भरण्याचे दिवस जवळजवळ संपलेले असतात आणि भट्टीमालकाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मजुरीतून वळती झाल्यामुळे हातात पैसाही थोडाच उरलेला असतो. परिणामी ज्यांच्या घरात साठा सर्वांत कमी, तेच पावसाळ्यात सर्वांत आधी रिकाम्या कणगीशी येऊन ठेपतात, आणि धान्य उसने घ्यावे लागते ते सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सुगीनंतर सव्वापट किंवा दीडपट परत करण्याच्या बोलीवर. या दुष्टचक्रावर उपाय शोधण्याची परंपरा याच भूमीत जन्मलेली आहे. माथेरानचे भाई कोतवाल, जे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या परिसरात हुतात्मा झाले, त्यांनी स्वातंत्र्यलढ्यात उडी घेण्यापूर्वी या भागातील गरीब शेतकऱ्यांसाठी शाळांबरोबरच धान्याच्या कोठ्याही चालवल्या होत्या. पुढे कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने वाडीवाडीत धान्य बँका उभ्या करून तोच विचार नव्या रूपात आणला. धान्य बँकेची पद्धत साधी आहे : वाडीच्या मालकीचा सामाईक साठा ठेवायचा, पावसाळ्यात गरजेप्रमाणे त्यातून धान्य घ्यायचे, आणि भात झोडून झाल्यावर सावकारापेक्षा कितीतरी कमी वाढीने ते परत भरायचे, म्हणजे पुढच्या वर्षी साठा तयार असतो.

राज्य शासनानेही या काळाची दखल घेतलेली आहे. १९७८ पासून आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी खावटी कर्ज दिले जात असे. ती योजना बंद पडल्यानंतर २०२० साली तिचे अनुदानात रूपांतर करून ४,००० रुपयांची, निम्मी रोख आणि निम्मी वस्तुरूपात, मदत देण्याचे ठरले. त्याहून महत्त्वाची आहे ती १९९५ पासूनची नवसंजीवनी योजना, जिच्यात पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या आदिवासी गावांना चार महिन्यांचे धान्य आधीच पोहोचवण्याची तरतूद आहे आणि मेळघाट, धडगाव, भामरागड यांसारख्या भागांत ती वापरली जाते. म्हणजे लडाखच्या आगाऊ साठ्याचा मराठी नमुना आपल्याकडे उपलब्ध आहे. फक्त तो लागू करताना तुटणारे गाव म्हणजे काय, याची व्याख्या तालुक्याच्या नकाशावरून न करता पायवाटेवरून केली पाहिजे. मुंबईपासून लोकलने दोन तासांवर असलेला कर्जत तालुका दुर्गम वाटत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु रास्तभाव दुकान पायथ्याच्या गावात आणि लाभार्थी तास-दीड तासाच्या चढावर, अशी स्थिती असलेल्या वाडीसाठी दुकानातले धान्य आणि घरातले धान्य या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून जून ते सप्टेंबरचा शिधा मृग लागण्यापूर्वी थेट वाडीत, शक्य असेल तेथे सामाईक धान्य कोठीत, उतरवून द्यावा, आणि भट्टीवरून उशिरा परतणाऱ्या कुटुंबांचा वाटा त्यांच्या नावे राखून ठेवावा, ही या पत्रातील पहिली विनंती आहे.

आजारपणाचा विचारही याच पद्धतीने करता येतो. गरोदर स्त्री, क्षयाचे किंवा मधुमेहाचे औषध चालू असलेला रुग्ण आणि तान्हे मूल, या तिघांची नावे आशा कार्यकर्तीच्या वहीत असतातच. ज्यांच्या बाळंतपणाची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये आहे त्यांना काही दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्यासाठी राज्याच्या आदिवासी भागांत माहेरघर योजना आहे. तिच्यासारखी सोय कर्जत आणि चौकच्या परिसरात केली, तर भर पावसात झोळीतून न्याव्या लागणाऱ्या रुग्णांची संख्या निश्चित कमी होईल. दीर्घकालीन औषधे मात्र महिन्याऐवजी तीन महिन्यांची एकदम द्यावी लागतील.

अन्न आणि औषध हे प्रश्न तुलनेने सोपे आहेत. कठीण प्रश्न उताराचा आहे, आणि त्याबाबत खालापूर तालुक्याला जे भोगावे लागले ते स्मरल्याशिवाय हे पत्र पुढे नेणे योग्य होणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली. वाडीतील २२८ जणांपैकी २७ जणांचे मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि १४४ जण वाचले. चार दिवसांच्या शोधानंतर २३ जुलैला काम थांबवण्यात आले. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर सज्ज असूनही उडू शकले नाही. आणि ढिगारा कुदळ-फावड्यांनीच उपसावा लागला. चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका जवानाचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. दुर्घटनेपूर्वीच्या तीन दिवसांत, १७ ते १९ जुलै दरम्यान, परिसरात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधिमंडळात सांगण्यात आले, आणि तेथेच हेही सांगण्यात आले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

यादीत नसणे याचा अर्थ काय, हे समजण्यासाठी ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर या आल्प्समधील गावाचे उदाहरण उपयोगी आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये अनेक दिवस सतत हिमवृष्टी होऊन त्या खोऱ्याचा रस्ता बंद पडला, हजारो पर्यटक व रहिवासी अडकले, आणि २३ फेब्रुवारीला झालेल्या हिमस्खलनात, म्हणजे डोंगरउतारावरून बर्फाचा थर सुटून खाली येण्याच्या घटनेत, ३१ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीत आणखी ७ जण गेले. ऑस्ट्रियात धोक्याचे पट्टे रंगांनी दाखवणारे नकाशे त्यापूर्वीच तयार होते. परंतु गाल्ट्यूरमध्ये उद्ध्वस्त झालेल्या घरांपैकी अनेक घरे नकाशावर सुरक्षित मानलेल्या भागात होती. दुर्घटनेनंतर तेथे नकाशे पुन्हा काढले गेले, गावाच्या बाजूला संरक्षक भिंत बांधली गेली, आणि नकाशाला स्थानिक निरीक्षणाची जोड लागते हे स्पष्ट झाले. इर्शाळवाडीबाबतही भूवैज्ञानिकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण नकाशा हा ज्ञात माहितीचा सारांश असतो. चूक होते ती सारांशालाच संपूर्ण ज्ञान समजून, यादीबाहेरच्या वाडीला निर्धोक मानण्यात.

बर्फ आणि भिजलेली माती यांच्या वर्तनातही एक महत्त्वाचे साम्य आहे, ज्यावरून प्रशासनाला थेट धडा घेता येतो. हिमस्खलनाचा अंदाज बांधणारे अभ्यासक केवळ उद्या किती बर्फ पडेल एवढेच पाहत नाहीत; ते उतारावर खड्डा खणून आधी साचलेल्या थरांपैकी कोणता कच्चा आहे आणि त्यावर किती भार आलेला आहे, हे तपासतात, आणि त्यावरून एक ते पाच अशा श्रेणीत धोका जाहीर करतात. सह्याद्रीच्या उतारावर अग्निजन्य बसाल्ट खडकाचे आडवे थर असतात. त्यांच्या वरच्या भागाची हवा-पाण्याने झिजून मुरूम आणि माती बनलेली असते, आणि दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा मऊ पट्टा सापडतो. दिवसेंदिवस मुरणारे पाणी खालच्या टणक खडकापाशी अडते, मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरून तिथला दाब वाढवते, कणांची एकमेकांवरची पकड सैल होते, आणि शेवटी वरचा सगळा भार एकदम घसरतो. म्हणजे उताराच्या दृष्टीने कालपर्यंत किती पाणी मुरले हा प्रश्न उद्या किती पडेल या प्रश्नाइतकाच, किंबहुना अधिक, निर्णायक असतो. हवामान विभागाचा पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा एकेका दिवसाच्या अपेक्षित पावसावर आधारलेला असतो. २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस ही त्यातली सर्वांत वरची पायरी. तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर याची दररोजची सरासरी त्या पायरीखालीच भरते, पण उताराने मात्र ते सर्व पाणी एकत्र पेललेले असते.

म्हणून प्रत्येक डोंगरवाडीच्या शाळेत किंवा अंगणवाडीत एक साधे पर्जन्यमापक असावे, त्याची रोजची नोंद वाडीतल्याच शिकलेल्या तरुण-तरुणीने ठेवावी, आणि तीन व सात दिवसांची बेरीज तहसील कार्यालयात दररोज पोहोचावी, अशी व्यवस्था सुचवावीशी वाटते. पायथ्याच्या मंडळ केंद्रावरील स्वयंचलित यंत्राची नोंद डोंगरमाथ्यावरच्या पावसाला लागू पडत नाही, हे येथील प्रत्येक गुराखी जाणतो. किती बेरजेला वाडी रिकामी करायची, तो आकडा तज्ज्ञांनी प्रत्येक उतारासाठी स्वतंत्रपणे ठरवावा. परंतु तो ठरेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, कारण उताराला नव्याने पडलेली भेग, तिरके झालेले झाड, एकाएकी गढूळ झालेला किंवा अचानक आटलेला झरा, न बसणारे दार, ही लक्षणे आकड्याशिवायही बोलतात.

ही लक्षणे ओळखून निर्णय कोणी घ्यायचा, याबाबतही आल्प्समधील अनुभव मार्गदर्शक आहे. ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतात गावोगावी हिमस्खलन समित्या असतात; पर्वतमार्गदर्शक, शेतकरी, अग्निशमन स्वयंसेवक असे उतार जाणणारे स्थानिक लोक त्यांत असतात, त्यांना प्रशिक्षण दिले जाते, आणि रस्ता बंद करावा किंवा घरे रिकामी करावीत असा सल्ला त्या समित्या महापौराला देतात. कर्जत-खालापूरमध्ये याच धर्तीवर दोन-तीन वाड्यांमागे एक उतार समिती नेमता येईल, जिच्यात वाडीतील जाणती स्त्री-पुरुष मंडळी, पोलीस पाटील, वनरक्षक, आशा आणि शाळेचे शिक्षक असतील. या समितीने रात्री दहा वाजता वाडी खाली उतरवण्याचा निर्णय घेतला, आणि नंतर दरड कोसळली नाही, तर तिला कोणी जाब विचारणार नाही, असे लेखी आश्वासन प्राधिकरणाने आधीच द्यावे. हे आश्वासन अत्यंत आवश्यक आहे, कारण फुकट गेलेल्या स्थलांतराची लाज वाटून पुढच्या वेळी गप्प बसणे हाच सर्वांत मोठा धोका असतो.

उतरायचे कोठे, हा प्रश्न त्याला लागूनच येतो. कायमचे पुनर्वसन हा उपाय अनेकदा सुचवला जातो आणि इर्शाळवाडीच्या कुटुंबांसाठी सिडकोमार्फत पायथ्याशी घरे बांधण्यात आली, हे योग्यच झाले. तथापि प्रत्येक डोंगरवाडी कायमची उठवावी असा आग्रह धरणे उचित नाही. या कुटुंबांची दळी जमीन, म्हणजे वनक्षेत्रात पूर्वापार कसण्यासाठी दिलेली जमीन, वरच असते. गुरे, मध, रानभाजी, देवस्थान आणि पूर्वजांच्या जागा वर असतात. पायथ्याच्या चार भिंतींत यांतले काहीच येत नाही आणि हाताला काम नसले तर तीच भिंत माणसाला वीटभट्टीकडे ढकलते. हिमालयात ऋतूप्रमाणे खाली उतरणे आणि पुन्हा वर जाणे हा जगण्याचा भाग आहे. गद्दी मेंढपाळ कळप घेऊन उतरतात, आणि केदारनाथाची हिवाळ्यातील पूजा उखीमठात होते, हे महाराष्ट्रातील यात्रेकरूंना ठाऊक आहे. त्याच न्यायाने पायथ्याशी पावसाळी निवारे असावेत : पक्के छप्पर, कुटुंबागणिक आडोसा, चुलीची जागा, शौचालय आणि, हे विसरता कामा नये, गुरांसाठी गोठा, कारण गुरे वर ठेवून माणूस खाली झोपणार नाही आणि झोपला तरी पहाटे परत चढेल. आश्रमशाळांच्या इमारती तात्पुरत्या वापरता येतील, परंतु पावसाळ्यात त्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात, याचा विचार आताच झालेला बरा. वनजमिनीची अडचण येथे निघेल. वनहक्क कायदा, २००६ नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने रस्ता, शाळा, समाजमंदिर अशा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, तेव्हा वाटही सुधारता येईल आणि सामाईक निवाराही उभा राहील.

बचावकार्याबाबत एवढेच सांगणे पुरेसे आहे की राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी कितीही तत्पर असली तरी ती घाट उतरून आणि डोंगर चढून येणार. तोपर्यंतचे तास वाडीतल्या आणि शेजारच्या वाडीतल्या माणसांचे असतात. इर्शाळवाडीच्या वेळी खोपोलीतील यशवंती हायकर्स आणि अपघातग्रस्तांच्या मदतीला या गटांतील स्वयंसेवक चिखलातून चढून कामाला लागले, कारण वाट त्यांच्या पायाखालची होती. अशा गटांना विमा, ओळखपत्र आणि साहित्य द्यावे. प्रत्येक वाडीत मे महिन्यातच कुलूपबंद पेटीत दोर, पहारी, फावडी, ताडपत्री, घडीचे स्ट्रेचर, विजेऱ्या आणि सौरऊर्जेवर चालणारा दिवा ठेवावा, आणि मोबाइल बंद पडल्यास चालेल असा बिनतारी संच निदान एका समितीमागे एक असावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्याहून मोठे उदाहरण हवे असेल तर कॅनडातील क्वेबेक प्रांतात जानेवारी १९९८ मध्ये गोठणाऱ्या पावसाने विजेचे मनोरेच वाकवले आणि लाखो घरे, काही ठिकाणी महिनाभर, अंधारात राहिली. श्रीमंत देशातही त्या वेळी लोकांना तारले ते शाळांत उघडलेल्या सामाईक निवाऱ्यांनी, लाकडाच्या चुली असलेल्या शेजाऱ्यांनी आणि गावोगावी फिरवलेल्या जनित्रांनी.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करणे बंधनकारक आहे, त्यामुळे वरील सर्व बाबींसाठी नवा कायदा किंवा नवे खाते लागणार नाही. कर्जतच्या प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यक्षेत्रात हे दोन्ही तालुके येतात, म्हणून प्रारंभ तेथूनच व्हावा. १ मे रोजी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा सर्वत्र भरते. त्या सभेत प्रत्येक डोंगरवाडीचे नाव घेऊन पुढील माहिती मोठ्याने वाचली जावी आणि वाडीतील लोकांनी ती दुरुस्त करावी : घरे किती, भट्टीवरून परतायची कुटुंबे किती, जुलै-ऑगस्टमध्ये बाळंत होणाऱ्या स्त्रिया किती, धान्य कोठे उतरणार, पर्जन्यमापक कोणाकडे, साहित्याच्या पेटीची किल्ली कोणाकडे, उतरायची वाट कोणती आणि ओढा भरला तर दुसरी कोणती, खाली निवारा कोठे आणि तेथे गुरांना जागा आहे की नाही. दुरुस्त झालेली ही यादी तहसीलदारांनी १५ मेपर्यंत आपल्याकडे पाठवावी, असा आदेश आपण एप्रिलमध्येच काढावा. मृग लागतो तो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, आणि धान्याच्या गोण्या डोक्यावरून वर न्यायच्या असल्यामुळे मधले तीन आठवडे त्या एका कामालाच लागतील.

कळावे,
कर्जत-खालापूर परिसरातील नागरिकांच्या वतीने